चार मीटर चौदा

३ नोव्हेंबर, सोमवार

कापड आलं आणि पन्हा आठ सेंटीमीटरने कमी निघाला.

सकाळी दहा ताके उतरले. गडद हिरवा कॉर्डरॉय, हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखा. मुलांच्या गाण्याच्या पथकांचं मोठं संमेलन आहे, त्यातल्या चारशे ऐंशी मुलांची जॅकेटं आम्ही शिवायची. चार मापं, प्रत्येक मापाची एकशेवीस. एवढं मोठं काम आमच्या कारखान्याला चार वर्षांत मिळालेलं नाही. बारसं असल्यासारखे सगळे ताक्यांभोवती जमले होते. कटिंग मास्तरांनी टेप पसरली, काठावर बोट दाबून धरलं आणि मला म्हणाले, "वाच."

"एकशे बेचाळीस."

"नीट वाच."

"एकशे बेचाळीसच आहे, मास्तर."

मागवला होता दीडशेचा. गिरणीवाले फोनवर म्हणाले, चूक आमची, पण आता पुन्हा रंगवलं तर छटा थोडी वेगळी येणार. म्हणजे रंगमंचावर दोन हिरवे.

मास्तरांनी उभ्या उभ्याच तोंडी गणित केलं. चार मापांचं एकेक जॅकेट मिळून एक थर. साच्यांच्या जुन्या मांडणीने या पन्ह्यात एका थराला चार मीटर चाळीस लागतील. असे एकशेवीस थर. कापड आहे पाचशे मीटर, लागेल पाचशे अठ्ठावीस. सव्वीस जॅकेटं कमी पडणार.

"सव्वीस मुलं मागे उभी करा म्हणून सांगू का त्यांना?" बाई म्हणाल्या. बाई म्हणजे आमच्या मालकीणबाई. आवाज चढवत नाहीत, पण बोलल्या की सगळे हातातलं काम थांबवून ऐकतात. चोवीस तारखेला माल गेला पाहिजे. संमेलनवाल्यांनी कळवलंय, द्यायची तर पूर्ण चारशे ऐंशी, नाहीतर दुसरा कारखाना बघतो.

मी इथे पाच महिने आहे. काम नोंदीचं. कापलेले गठ्ठे मोजायचे, चिठ्ठ्या लावायच्या. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं होतं, "मास्तरांच्या शेजारी बसायचं. कागद आला की मोठ्याने वाचून दाखवायचा. ते सांगतील ते लिहून घ्यायचं." जुन्या माणसांना कागद हातात धरणंही कमीपणाचं वाटत असावं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर मास्तर पुठ्ठ्याचे साचे कापडावर सरकवत होते. पाठ इकडे, बाही तिकडे. चार पस्तीसच्या खाली येईना. उद्या दुसऱ्या कामाचं कापड टेबलावर येणार, मग जागाही नाही.

गठ्ठ्यांची नोंद मी स्प्रेडशीटमध्ये करते. दुपारी डबा खाताना समोर ती चौकोनांची जाळी दिसत होती. एक चौकोन म्हणजे एक सेंटीमीटर धरला तर? एकशे बेचाळीस चौकोन आडवे, म्हणजे पन्हा. चारशे चौदा उभे, म्हणजे आपल्याला परवडेल ती लांबी (थराच्या दोन्ही टोकांना मिळून दोन सेंटीमीटर वाया जातात, ते धरून मी भागाकार केला). चार मीटर चौदामध्ये बसलं तर सगळी जॅकेटं निघतात. चार पंधराला निघत नाहीत.

एक बाही चौकोन रंगवून काढली. झकास दिसली. मग ती हलवायची म्हटल्यावर सगळे चौकोन पुसून पुन्हा रंगवायचे! कपाळाला हात लावला.

५ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं.

स्प्रेडशीटमध्ये बाण, गोल, चौकट असे तयार आकार असतात हे माहीत होतं. त्यातच मोकळा आकार काढायचं एक साधन आहे. जाळीवर एकेक बिंदू टिपत जायचं, शेवटचा बिंदू पहिल्याला जोडला की आकार बंद होतो आणि उचलून कुठेही नेता येतो. पाठीच्या साच्याला टेप लावून कोपरे मोजले, बिंदू टिपले, आणि पडद्यावर छोटी पाठ उभी राहिली.

याहून मोठी गंमत पुढे. तो आकार स्प्रेडशीटमधल्या गॅलरी नावाच्या कप्प्यात नेऊन टाकला आणि नाव दिलं की तिथे कायमचा राहतो. मग शिक्क्यासारखा हवा तितक्या वेळा काढा. डावी बाही एकदा काढली की आरसा करून उजवी फुकटात.

मास्तरांना बोलावलं. आले, पडद्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "बरं आहे." नजर माझ्या खांद्यावरून भलतीकडेच. काय ती घमेंड!

६ नोव्हेंबर, गुरुवार

एका जॅकेटचे अकरा तुकडे. पाठ एक, पुढचे भाग दोन, बाह्या दोन, कॉलर वरची-खालची, खिसे दोन, आतल्या पट्ट्या दोन. पण जोड्या आरशाने होतात आणि दोन्ही कॉलर सारख्याच, म्हणून एका मापाला सहाच आकार काढावे लागले. चार मापांचे चोवीस. दिवसभरात सगळे काढून, नावं देऊन गॅलरीत बसवले. मान आखडली.

मास्तर मला आता 'कॉम्प्युटरबाई' म्हणतात. कापणी मशीन चालवणारा लंबू तेच नाव घेऊन हाका मारत फिरतोय.

घरी ह्यांना सांगितलं. हे लोकांचं घरसामान हलवतात, ट्रक भरण्यात अख्खी जवानी गेली. म्हणाले, "अगं, आधी मोठं भर. कपाटं, पलंग. बादल्या-खुर्च्या आपोआप फटीत जातात." मी आज खिशांपासून सुरुवात केली होती! कपाळ माझं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सत्यानाश. ह्यांचं ऐकून पाठी आधी मांडल्या, चार सव्वीसपर्यंत आले, आणि चौकोन बारीक दिसतात म्हणून स्तंभांची रुंदी जरा वाढवली. सगळे आकार रबरासारखे ताणले गेले! तशीच कापली असती तर बाही पायजम्याच्या पायासारखी दिसली असती. मला कळलंच नसतं, पण मास्तर म्हणाले, "मोठ्या मापाची बाही वरून किती आली ते वाच." आकारावर टिचकी मारली की रुंदी दिसते, ती वाचली. "तीन सेंटीमीटर जास्त सांगतेयस," म्हणाले. एकतीस वर्षांची मापं या माणसाला पाठ आहेत.

चौकोन हलला की आकारही हलतो आणि ताणला जातो, असं मुळातच ठरवलेलं असतं. ते बंद करायचं बटण शोधायला दुपार गेली. गॅलरीतले मूळ आकार मात्र शाबूत होते. नवं पान घेतलं, पुन्हा एकेक काढून ठेवले. नुसता चौकोनच रंगवला असता तर आज रडत बसले असते.

एवढी धावपळ चालू असताना बाईंनी रंगारी बोलावून जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे मारून घेतले. मास्तरांच्या टेबलावर दुसरा दिवाही आला. डोक्यावर संकट आणि यांना चोचले सुचतायत.

१० नोव्हेंबर, सोमवार

चार मीटर पाच!!

सुट्टीच्या दिवशी डोक्यात एकच घोळत होतं, बाहीचा वरचा भाग रुंद आणि मनगट निमुळतं. एक बाही सरळ, शेजारची उलटी ठेवली तर दोन्ही एकमेकींत बसतात. आज आल्या आल्या तसं केलं. नऊ सेंटीमीटर उरले! मी अशी ओरडले की शिलाई विभागातल्या बायका मशीनं थांबवून धावत आल्या, कोणाच्या बोटात सुई गेली म्हणून.

बाईंनी पाहिलं. "आधी एक जॅकेट करून बघू," म्हणाल्या. गेल्या वर्षीचा थोडा तपकिरी कॉर्डरॉय पडून होता, तो कापायला दिला. मला आज चालताना पाय जमिनीला लागत नव्हते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाय जमिनीला लागले.

जॅकेट शिवून आलं. बाईंनी हातात घेऊन वाहवा केली. लंबूने शिट्टी वाजवली. मास्तरांनी ते टेबलावर पसरलं, आणि हाताच्या मागच्या बाजूने पाठीवरून खाली, मग बाहीवरून खाली असा हात नेला. डोळे मिटलेले.

"बाही उलटी आहे."

"नाही हो मास्तर, बरोबर शिवलीय."

"शिवली बरोबर. कापली उलटी. या कापडाला लव असते बाई. पाठीवर लव खाली बसतेय, बाहीवर वर उठतेय. खिडकीत ने."

खिडकीत नेलं. अंग फिकं आणि बाह्या गडद, जणू दोन वेगळ्या ताक्यांतल्या. हिरव्यावर हेच केलं असतं तर पाचशे मीटरची माती झाली असती.

एका कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. मास्तर माझ्यामागे आले, टेबलाच्या कडेला हात लावत लावत. "मीसुद्धा पहिल्या वर्षी मखमलीचे नऊ झगे उलटे कापले होते," म्हणाले. "माझ्या मास्तरांनी कानाखाली दिली होती. तू स्वस्तात सुटलीस."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज पहिलं काम, गॅलरीतल्या प्रत्येक आकारात एक बाण काढला, लव खाली जाते त्या दिशेने. आकार आणि बाण एकत्र बांधून पुन्हा जपून ठेवले. आता गॅलरीतून कोणताही तुकडा काढला की बाण सोबत येतो. उलटा ठेवला तर बाण बोंब मारतो.

सगळे बाण खाली ठेवून मांडणी केली. चार बत्तीस. संध्याकाळी सुटताना चार पंचवीस.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चार एकोणीस. तिथेच अडलंय. पाच सेंटीमीटर! माझ्या अंगठ्याएवढी लांबी, आणि तेवढ्यासाठी पाच-सहा मुलांची जॅकेटं जातात.

मास्तरांनी विचित्र हट्ट धरला. म्हणे, आकार छापून काढ, जाड पुठ्ठ्यावर चिकटव, कापून मला दे. मी म्हटलं, पडद्यावर आहेत की. "मला हातात दे." एका दहांश मापाचे चव्वेचाळीस तुकडे कापून दिले. बाणाच्या जागी खाच पाड म्हणाले, तीही पाडली. कॉम्प्युटरवर या माणसाचा काडीचा विश्वास नाही. मग एका फळीला दोन पट्ट्या ठोकून पन्हा केला आणि खिडकीकडे पाठ करून बसले, छताकडे तोंड. बोटं मात्र सारखी चालू. बराच वेळ बघत बसले. त्या बोटांना काही विचारावं लागत नव्हतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी मास्तर म्हणाले, "मोठ्या मापाच्या बगलेत खाली पोकळ जागा राहतेय. प्रत्येक मापाला राहतेय. तिथे काय बसेल?"

"काहीच नाही. खिसा मोठा पडतो. कॉलर लांब."

"कॉलर अर्धी केली तर?"

मी कॉलरचा पुठ्ठा उचलला. ते म्हणाले, "वरची अखंड ठेव. खालची दोन तुकड्यांत काप, मधोमध शिवण. खालची कॉलर मानेखाली असते, तिथे कोण बघतंय? उलट दुमड छान बसेल. जुने शिंपी असंच करायचे."

मी धावत जाऊन अर्ध्या कॉलरचा नवा आकार काढला, शिवणीपुरतं कापड वाढवून. चार मापांचे चार, बाणासकट गॅलरीत. मग अख्ख्या खालच्या कॉलर पानावरून काढून टाकल्या आणि अर्ध्या एकेक करून बगलेत सोडल्या. पहिली बसली. दुसरी बसली. मास्तर शेजारी उभे. "सांग, सांग," करत होते, मी सांगत होते. आठही बसल्या. वरच्या सगळ्या रांगा खाली सरकवल्या.

"किती?"

मी दोनदा मोजलं. मग बाईंना बोलावून त्यांना मोजायला लावलं.

चार मीटर तेरा.

लंबूने मला उचलायचंच बाकी ठेवलं. बाई पहिल्यांदा दात दिसतील अशा हसल्या. मास्तर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "एक सेंटीमीटर उरला की गं. सांडलास कशाला?"

१७ नोव्हेंबर, सोमवार

थर घालायला सुरुवात. चाळीस थरांची एक चवड, अशा तीन चवडी. वरच्या थरावर आखणी. स्प्रेडशीटच्या चौकोनांना आकडे असतातच, त्यामुळे मी नुसतं वाचते, "पाठ, लहान माप, डावा कोपरा काठापासून सदतीस, सुरुवातीपासून एकशे बारा," आणि मास्तर साचा बरोबर तिथे ठेवतात, टेपच्या गाठी चाचपून. टेपला दर दहावर दोऱ्याची गाठ मारलीय हे आजच पाहिलं. खडूची रेघ लंबू ओढतो. मास्तर म्हणे खांदा दुखतोय.

पहिली चवड दुपारी कापून झाली. एक तुकडा चुकला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

दुसऱ्या चवडीची आखणी चालू होती. मशीनचं पातं बदलायला लंबू खाली गेला. वेळ जाऊ नये म्हणून मास्तरांनी खडू घेतला. साचा धरून रेघ ओढली आणि साचा संपला तिथे न थांबता रेघ पुढे गेली, शेजारच्या पाठीच्या मधून आरपार. ते पुढचा साचा मागायला लागले.

"मास्तर," मी म्हटलं, "रेघ पाठीतून गेली."

ते थांबले. खडू टेबलावर ठेवला. मग अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "डाव्या डोळ्याने दोन वर्षं काही नाही. उजव्याने मधलं जातं, कडेचं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ."

ती टेप, तो पुठ्ठा, ती नजर! पाच महिने मी त्यांच्या शेजारी बसलेय आणि मनातल्या मनात त्यांना घमेंडखोर म्हणत होते. लाज वाटली.

"बाईंना माहीत आहे?"

"नाही. कळलं तर घरी बसवतील. घरी मी काय करू? भिंतींना हात लावू?"

मी कापडावरची रेघ ब्रशने झटकली, ओल्या फडक्याने टिपली. डाग राहिला नाही. "माझ्याकडून कोणाला कळणार नाही," म्हटलं. लंबू वर आला तेव्हा मी रेघा ओढत होते आणि मास्तर आकडे विचारत होते. मी आयुष्यात खडू धरला नव्हता. म्हणाले, "मनगट नको, खांदा हलव." तिसऱ्या साच्यापासून रेघ सरळ यायला लागली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तिसरी चवड कापली! शेवटच्या ताक्याची नळी उघडी पडली तेव्हा हातात दोन मीटर कापड उरलं. चारशे ऐंशी पाठी, नऊशे साठ बाह्या, सगळ्या मोजल्या, सगळ्यांचे बाण एका दिशेने. बाईंनी ते उरलेलं कापड घडी करून स्वतःच्या कपाटात ठेवलं.

शिलाईच्या बायकांनी शेवटचा गठ्ठा उचलताना मला 'मास्तरीणबाई' अशी हाक मारली. लंबूचं ते 'कॉम्प्युटरबाई' रद्द झालं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

माल गेला. ट्रक ह्यांचाच. हट्टाने स्वतः भरला, एक खोकं दबू दिलं नाही. गाडी वळेपर्यंत सगळे फाटकात उभे होते. मास्तरांनी विचारलं, "गेली?" मी म्हटलं, "आत्ता वळली." त्यांनी मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "चला, भूक लागली."

१ डिसेंबर, सोमवार

संमेलनवाल्यांचं पत्र आलं. बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं आणि पत्र आमच्या हातात न देता मोठ्याने वाचलं, सावकाश, मास्तरांकडे तोंड करून. लिहिलंय, मुलं उभी राहिली तेव्हा हिरवळ उगवल्यासारखं दिसलं. पुढच्या वर्षीचं कामही आम्हालाच, आणि या वेळी सातशे.

मग बाई म्हणाल्या, "दोन गोष्टी ठरवल्यात. मांडणी यापुढे या करतील, तसा कागद तयार आहे. ते सगळे आकार जपून ठेवा, प्रत्येक नव्या कामाचे त्यात घाला. आणि मास्तर, कारखान्यात येणारं प्रत्येक कापड आधी तुमच्या हाताखालून जाईल. लव, वीण, जाडी, दोष. तुम्ही बरं म्हटल्याशिवाय ताका टेबलावर चढणार नाही. पगारात फरक नाही. तुमची जागा खालच्या मजल्यावर केलीय, उगाच जिना कशाला? मशीनपाशी आता लंबू पुरे."

मास्तर टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "चालेल," म्हणाले शेवटी, पण आवाज असा आला की बाईंनी उठून खिडकी उघडली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या.

योग बघा कसा! जिना नको, मशीन नको, रेघा नकोत, नुसतं हाताने बघायचं काम. मागून घेतलं असतं तरी असं मिळालं नसतं. बाईंना हे नेमकं आत्ताच कसं सुचलं कोण जाणे.

बाहेर आल्यावर मास्तरांनी हळूच विचारलं, "तू काही बोलली नाहीस ना?"

"शपथ, मास्तर. एक अक्षर नाही."

ते मोठ्याने हसले. का हसले ते काही सांगेनात. पण मी खरंच चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं. बाईंना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, याचा मला त्या चार मीटर तेरापेक्षाही जास्त अभिमान वाटतो.